ओवा, कलौंजी, मोहरी: यांनी बुरशी आणि विषाणू खरंच मरतात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरात दोघांना जांघेत नायटा झालाय. दुकानातून आणलेली ट्यूब लावली की जातो आणि पंधरा दिवसांत परत येतो. आजी कलौंजीचं तेल लावायला सांगते, काका ओव्याचं फूल खोबरेल तेलात विरघळवून लावायला सांगतात. दीड वर्षाच्या बाळाला सर्दी झाली की ओव्याची धुरी दिली जाते. ‘संशोधनाने सिद्ध’ असं सांगणारे व्हिडिओही तुम्ही पाहिलेत. आणि जाता जाता विचारलंय की लोणच्यात एवढी मोहरी घालूनही वर बुरशी का आली, आणि या बिया विकत घेताना काय बघायचं.

या बियांत बुरशी मारणारं द्रव्य आहे का, असं विचाराल तर आहे, आणि चांगलं जोरदार आहे. तुमची अडचण वेगळीच आहे. बुरशी किंवा विषाणू जिथे बसलाय तिथे ते द्रव्य पोचतं का, पुरेशा मात्रेत पोचतं का आणि पुरेसा वेळ टिकतं का? मसाल्याच्या बियांचे अर्क काढणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि प्रत्येक दावा याच तीन प्रश्नांवर घासून बघावा लागतो. त्याच क्रमाने पुढे जातो.

आधी बियांत काय असतं ते बघू. ओवा, जिरे, धने, बडीशेप यांना आपण बी म्हणतो, पण ती खरं तर वाळलेली फळं. त्यांच्या सालीत तेलाच्या अतिशय बारीक नळ्या असतात आणि वास देणारं उडनशील तेल त्या नळ्यांत बंद असतं. ओव्यात हे तेल साधारण २ ते ४ टक्के असतं आणि त्याचा मोठा हिस्सा, अनेकदा निम्म्याच्या आसपास, थायमॉल. बाजारात ओव्याचं फूल म्हणून जे खडे मिळतात ते हेच थायमॉल. जिऱ्यात क्युमिनाल्डिहाइड असतं, धन्यात लिनालूल. धन्यात तेलच मुळात कमी, बहुधा एक टक्क्याच्या आत, म्हणून ‘धन्याचं पाणी बुरशी मारतं’ या दाव्यात फारसा दम नाही. कलौंजीची गोष्ट निराळी. तिच्यात ३० ते ४० टक्के स्थिर, म्हणजे न उडणारं तेल असतं आणि त्यात थोडंसं उडनशील तेल मिसळलेलं असतं. कामाचं थायमोक्विनोन त्या थोड्या भागात. मोहरीत तर तिखट द्रव्य तयार स्वरूपात नसतंच, ते पाणी लागल्यावर जन्माला येतं. मोहरीकडे शेवटी सविस्तर येतो, कारण तुमच्या लोणच्याचं उत्तर तिथेच आहे.

थायमॉल आणि थायमोक्विनोन हे दोन्ही रेणू चरबीत सहज विरघळतात, पाण्यात फारसे नाही. बुरशीच्या पेशीचं आवरणही चरबीचंच, त्यामुळे ते त्यात घुसतात, आवरण गळकं करतात आणि आतले क्षार बाहेर यायला लागतात. पुरेशा मात्रेत हे झालं की बुरशी वाढत नाही, मात्रा आणखी वाढवली की मरते. काचेच्या नळीत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद सुरू होतो आकड्यांवर. बुरशी थांबवायला लागणारी सर्वांत कमी मात्रा मोजतात, तिला एमआयसी म्हणतात. त्वचेच्या बुरशीसाठी किंवा कॅंडिडा या यीस्टसारख्या बुरशीसाठी थायमॉलचा हा आकडा साधारण दर मिलीलिटरला शे-दोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास येतो. बुरशीची जात आणि चाचणीची पद्धत बदलली की तो कमी-जास्त होतो. टर्बिनाफिन या औषधाला न सरावलेल्या नायट्याच्या बुरशीला त्याचे ०.०१ ते ०.०३ मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे हजारो पटींचा फरक. व्हिडिओवाले सांगतात की दोन्हींनी बुरशी मेली, आणि ते खोटं नसतं. फक्त किती मात्रेला मेली ते सांगितलं जात नाही.

बुरशी वाढवलेल्या जेलीच्या थाळीवर तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवून भोवती पडलेल्या मोकळ्या वर्तुळाचे फोटो दाखवतात, त्यांच्यावर तर अजिबात विसंबू नका. तेल पाण्याच्या जेलीत नीट पसरत नाही, त्यामुळे तगड्या तेलाचं वर्तुळही लहान पडू शकतं. उलट थायमॉलसारख्या द्रव्याची वाफ झाकणाखाली साठते आणि वर्तुळ उगाच मोठं दिसतं. म्हणून जाणकार माणसं द्रव माध्यमात पायरीपायरीने पातळ करत चाचणी घेतात, तेल मिसळण्यासाठी वापरलेल्या डीएमएसओ किंवा ट्वीन या रसायनांची तेलाशिवाय वेगळी चाचणी तुलनेसाठी ठेवतात आणि वाफ शेजारच्या नमुन्याच्या खळग्यात जाऊ नये म्हणून प्लेट सीलबंद करतात. एखाद्या पेपरात यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर त्यातला आकडा मी बाजूला ठेवतो.

आता जांघेतला नायटा. इथे सगळ्यात आधी ठरवायचं की तो नायटाच आहे का. कडा उठलेली, लालसर, खवले असलेली आणि मधला भाग साफ होत जाणारी चकती असेल तर बहुधा नायटा. छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी, बारीक भुसा सुटणारे डाग असतील तर ते शिबं, आणि त्यांची बुरशी वेगळी असते, मॅलॅसेझिया. तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती बाहेरच्या तेलातली मेदाम्लं खाऊन जगते. शिब्यांवर कलौंजीचं, मोहरीचं किंवा तिळाचं तेल चोळणं म्हणजे तिला खाऊ घालणं. रात्री खाज वाढते आणि घरातल्या सगळ्यांना बोटांच्या बेचक्यात खाजतं, तर ती खरूज असू शकते, तिथे बुरशीचा संबंधच नाही. हे डोळ्यांनी ठरत नसेल तर चकतीच्या कडेचे खवले खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात गेलात तर ही साधी तपासणी होते. जाण्याआधी दोन-तीन दिवस तिथे कोणतंही तेल लावू नका, काचपट्टीवर तेलाचे थेंब आले की बुरशीचे तंतू ओळखणं अवघड जातं. बुरशीचं मलम चालू असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण मलमाने तंतू कमी दिसतात आणि बुरशी नाही असा खोटा भरवसा मिळतो.

नायटाच निघाला असं धरू. कलौंजीच्या तेलात थायमोक्विनोन अर्धा टक्का आहे असं मानलं तर ते दर मिलीलिटरला ५००० मायक्रोग्रॅम होतं. लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट. आकड्यांनी तर जिंकायलाच हवं. मग अडतं कुठे?

अडतं अशा जागी: तो रेणू चरबीत रमणारा आहे. त्याला तेलातून निघून त्वचेच्या वरच्या, केराटिन या प्रथिनाच्या कोरड्या थरात शिरायचं असतं, आणि त्याला तेल सोडायचं कारणच नसतं. बाटलीत भरपूर आहे, बुरशीपर्यंत थोडं पोचतं. जे पोचतं त्यातलं बरंच त्वचेतल्या प्रथिनांना चिकटून निकामी होतं. उरलेलं उडून जातं किंवा उजेडाने बदलतं. थायमोक्विनोन उजेडाला इतकं नाजूक आहे की खिडकीत ठेवलेल्या पारदर्शक बाटलीत त्याचं दुसरंच संयुग व्हायला लागतं. शिवाय जुना नायटा त्वचेवरच्या बारीक लवेच्या मुळांतही उतरलेला असतो, तिथवर वरून लावलेलं काहीच नीट पोचत नाही. टर्बिनाफिन किंवा लुलिकोनाझोलच्या मलमाचा आधार याच अडचणी लक्षात घेऊन बनवलेला असतो. ही औषधं केराटिनमध्ये शिरतात आणि तिथे काही दिवस टिकून राहतात. हा फरक घाण्याचं तेल भरून काढू शकत नाही, मग ते कितीही शुद्ध असो.

दुसरी अडचण आपल्या हवेची. ऑगस्टमध्ये नागपुरात अंगावरचा घाम वाळत नाही, त्यात जांघेत तेलाचा थर दिला की ओल आतच कोंडते. नायट्याला हेच हवं असतं. आणि ओव्याच्या फुलाचं म्हणाल तर जांघेची, वृषणाची त्वचा फार पातळ असते. काकांच्या पद्धतीत खडे अंदाजाने टाकतात, प्रमाण ५ टक्क्यांच्याही वर सहज जातं आणि कातडी भाजते. भाजलेली कातडी लाल होते, खाज काही दिवस दबते, आणि माणसाला वाटतं औषध लागू पडलं. कलौंजीच्या तेलानेही ॲलर्जी होऊन फोड आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जांघेत, चेहऱ्यावर आणि मुलांच्या अंगावर यातलं काहीही लावू नये.

तुमचा नायटा परत का येतो, याचं उत्तर बहुधा ट्यूबवरच छापलेलं आहे. मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही आहे का बघा. ही स्टेरॉइडं आहेत. ती खाज आणि लाली दोन दिवसांत घालवतात, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतात आणि बुरशी शांतपणे पसरते. चकतीची ओळखीची कडाच नाहीशी होते, मग डॉक्टरलाही पटकन कळत नाही. दुसरं कारण बुरशीचंच. आपल्याकडे सध्या पसरलेल्या चिवट नायट्यामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात आहे. तिला वेगळं नाव २०२० मध्ये मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही, कारण ज्या एन्झाइमला ते औषध धरतं तो एन्झाइमच बदललेला असतो. ज्या बुरशीने टर्बिनाफिनला दाद दिली नाही, ती तेलाला देईल ही आशा धरून महिना घालवू नका.

मग करायचं काय? स्टेरॉइड असलेली ट्यूब बंद करा. मात्र अनेक महिने लावत असाल तर एकदम सोडल्यावर लाली उसळते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडा. बुरशीचं मलम चकतीच्या कडेपासून २ सेंटिमीटर बाहेरपर्यंत, जागा पूर्ण कोरडी करून लावायचं. डाग दिसेनासा झाला की थांबायचं नाही, नंतरही दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेक जण इथेच चुकतात. घरातल्या दोघांवर एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत, नाहीतर ती बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे येत-जात राहते. टॉवेल, चड्डी वेगळी, गरम पाण्यात धुतलेली, उलटी करून कडक उन्हात वाळवलेली, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री केलेली. पसरलेल्या नायट्याला डॉक्टर पोटातून इट्राकोनाझोल देतील. या औषधाच्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायच्या, आणि ॲसिडिटीची गोळी किंवा सोडा त्याच वेळी घ्यायचा नाही, कारण पोटात आम्लता नसली की कॅप्सूल नीट शोषली जात नाही.

याच जोडीला एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. औषध चालू असताना रोज चमचाभर कलौंजीचं तेल पिऊ नका. कलौंजीमुळे यकृतातल्या औषध मोडणाऱ्या एन्झाइमांवर परिणाम होतो, हे माणसांवरच्या प्रयोगात दिसलेलं आहे. काळ्या मिऱ्यातलं पायपरीनही हेच करतं. फोडणीतल्या चिमूटभराने काही होत नाही, प्रश्न चमच्याने आणि कॅप्सूलने घेण्याचा आहे. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

आता पोटातून घेण्याचं गणित करू, कारण ओव्याचा काढा पिऊन अंगातली बुरशी मरते असंही तुम्ही ऐकलंय. चमचाभर ओवा म्हणजे सुमारे २ ग्रॅम. ३ टक्के तेल धरलं तर ६० मिलिग्रॅम, त्यातलं निम्मं थायमॉल म्हणजे ३० मिलिग्रॅम. झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळलंत तर स्वयंपाकघरभर दरवळणारा वास म्हणजे तेच थायमॉल, ते कपात उरत नाही. तरीही समजा सगळं उरलं, सगळं शोषलं गेलं आणि एकाच वेळी मोठ्या माणसाच्या ३ लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात उतरलं. तर दर मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅम झाले, आणि गरज शंभराच्या पुढे. प्रत्यक्षात एवढंही होत नाही. थायमॉल आतड्यातून यकृतात गेलं की त्याला सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं जातं आणि ते लघवीवाटे बाहेर टाकलं जातं. माणसांना सुमारे १ मिलिग्रॅम थायमॉल देऊन रक्त तपासलं, तेव्हा मोकळं थायमॉल सापडलंच नाही. सापडलं ते थायमॉल सल्फेट, दर मिलीलिटरला शंभर नॅनोग्रॅमच्या आत. ओव्याने पोटातला वायू मोकळा होतो, त्याचा तो गुण घ्या. त्वचेवरच्या नायट्यापर्यंत तो आतून पोचत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर द्रव्य खरं, नळीतला परिणाम खरा. त्वचेत ते पुरेसं शिरत नाही आणि रक्तात टिकत नाही.

विषाणूंकडे वळू. इथे पहिली विभागणी आवरणाची. इन्फ्लुएंझा, कोरोना, नागीण आणि ओठांवर उठणारे तापाचे फोड यांचे विषाणू चरबीच्या पातळ आवरणात असतात. थायमॉलसारखे रेणू ते आवरण विस्कटतात, म्हणून नळीत विषाणू आणि तेल आधीच मिसळून तासभर ठेवलं तर विषाणूंची संख्या चांगली घटते. पण विषाणू एकदा पेशीत शिरला की नंतर घातलेलं तेल फारसं काही करत नाही. आजारी माणसात तर विषाणू आधीच पेशीत असतो. आणि साध्या सर्दीचं सर्वांत मोठं कारण असलेल्या ऱ्हायनोव्हायरसला हे आवरण नसतंच. म्हणजे ज्या आजारासाठी आपण ओवा सर्वाधिक वापरतो, त्याच्याच विषाणूवर त्याची पकड नाही.

विषाणूंच्या पेपरांत एक गोष्ट आवर्जून शोधा. जी मात्रा विषाणू मारते, तिने ज्या पेशींवर चाचणी घेतली त्या पेशी जगल्या का? पेशी मारणारी मात्रा भागिले विषाणू थांबवणारी मात्रा, हा भागाकार दोन-तीनच येत असेल तर ते द्रव्य विषाणूंबरोबर पेशींनाही मारतंय. औषधासाठी तो आकडा कितीतरी मोठा लागतो. कोरोनाच्या काळात थायमोक्विनोनवर जे ढीगभर पेपर आले, त्यातले बरेच संगणकावरच्या डॉकिंगचे होते. त्यात रेणूचा आकार प्रथिनाच्या खाचेत बसतो का एवढंच कळतं. नळीतल्या चाचणीचीही ती आधीची पायरी, आणि बातमीत तीच ‘सिद्ध झालं’ म्हणून येते.

चक्रफुलाचाही असाच गैरसमज आहे, आणि सावजी मसाल्यामुळे ते आपल्या नागपुरात घराघरांत असतं, म्हणून सांगतो. ऑसेल्टामिव्हिर हे इन्फ्लुएंझाचं औषध चक्रफुलातल्या शिकिमिक आम्लापासून बनवलं जातं हे बरोबर. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या भीतीने औषधाची मागणी वाढली आणि चक्रफुलाचा तुटवडा पडला, हेही बरोबर. पण शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला काही करत नाही. कारखान्यात त्याच्यावर अनेक रासायनिक क्रिया झाल्यावर औषध तयार होतं, आणि आता ते आम्ल जिवाणूंकडूनही बनवून घेतात. चक्रफुलाचा काढा म्हणजे फ्लूची गोळी, हे समीकरण चुकीचं आहे. शिवाय चक्रफुलासारखंच दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं, त्यात ॲनिसॅटिन हे झटके आणणारं द्रव्य असतं. बाळाला चक्रफुलाचं पाणी कधीही देऊ नका.

बाळाच्या धुरीबद्दल कळकळीने सांगतो, ती बंद करा. निखाऱ्यावर ओवा टाकला की थायमॉल थोडं उडतं आणि धूर भरपूर होतो. बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड, वर धुराचे कण, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या श्वासनलिका आधीच सुजून अरुंद झालेल्या. अमृतधारेचंही तसंच. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल समप्रमाणात एकत्र केलं की तिन्ही घट्ट पदार्थ बघता बघता पाणी होतात, मोठ्यांना तिच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. ते वाटणं मुख्यतः पुदिन्याच्या फुलाच्या, म्हणजे मेंथॉलच्या गारव्याचं असतं. लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात, त्यामुळे दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाला, छातीला, पुरचुंडीतही कापूर नको आणि बाटली त्याच्या हाताला लागेल अशी नको. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब, आणि दूध-पाणी थोडं थोडं पण वारंवार. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दीड वर्षाच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा ते प्यायचंच सोडून देत असेल, तर घरात थांबू नका.

आता जिथे ही द्रव्यं मनापासून काम करतात त्या जागा. ज्या ठिकाणी द्रव्य आणि जंतू थेट भेटतात आणि मध्ये त्वचा, आतडं, यकृत काही नसतं, तिथे. तोंड ही एक. गुळण्यांच्या काही जुन्या औषधांत आजही सुमारे ०.०६ टक्के थायमॉल असतं आणि तेवढं दातांवरच्या थरासाठी उपयोगी पडतं. दुसरी जागा म्हणजे आपली लोणच्याची बरणी.

बारीक काळ्या-तपकिरी मोहरीत सिनिग्रिन नावाचं द्रव्य एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हा एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतो. दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोघे भेटतात आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जाणारा झणका तो हाच. त्याची वाफ बुरशीसाठी फार कडक असते, द्रवापेक्षा वाफेतच ते जास्त प्रभावी. आपल्याकडे मोहरी पाण्यात फेसून लोणच्यात घालतात, त्यामागचं रसायन हे आहे.

तुमचं चुकलं ते बहुधा तेलात. कडकडीत तेल थेट मोहरीच्या डाळीवर ओतलं की एन्झाइम जागीच मरतो आणि झणका तयारच होत नाही. मोहरी दिसते, चवीलाही असते, पण पहारा देत नाही. मीठ किंवा कैरीचा आंबटपणा आधी लागला तरी एन्झाइमची गती मंदावते. म्हणून क्रम पाळा. एक किलो कैरीच्या फोडींना १८० ते २०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम मोहरी धरा. त्यातली निम्मी मोहरी ताजी भरडून, उकळून पूर्ण गार केलेल्या दुप्पट पाण्यात चांगली फेसा आणि झाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. झाकण काढल्यावर डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर मोहरी जुनी आहे किंवा पाणी गरम होतं. मग त्यात मीठ, मसाला आणि फोडी कालवा. तेल धुरावेपर्यंत तापवून पूर्ण गार करा, बोट घालता येईल इतकं, आणि मगच ओता. फोडींच्या वर बोटाच्या पेराएवढा तेलाचा थर राहिला पाहिजे, कारण बुरशीला हवा लागते. बरणी जवळजवळ भरलेली असू द्या, वरची मोकळी जागा जितकी कमी तितकी वाफ दाट राहते. पिवळी जाड मोहरी या कामाची नाही, तिच्यातलं तिखट द्रव्य उडनशील नसतं आणि लवकर मोडतं.

मोहरीचा हा पहारा सुरुवातीच्या काही आठवड्यांचा असतो. ॲलिल आयसोथायोसायनेट ओलाव्यात हळूहळू मोडतं, त्यानंतर लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेलावर. मीठ कमी करून ‘मोहरी आहे ना’ म्हणाल तर श्रावणात बुरशी येणारच. हिरवी किंवा काळी बुरशी आलेलं लोणचं वरचं काढून वापरू नका, तंतू खालपर्यंत गेलेले असतात.

मसाल्याच्या बियांनाही बुरशी लागते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. कारण सुरुवातीला सांगितलं तेच: तेल नळ्यांत बंद असतं, दाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. ओल लागली की धन्यावर, जायफळावर, मिरचीवर ॲस्परजिलस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. मसाल्यांत त्याची कायदेशीर मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम आहे, यावरून ते किती विषारी ते समजा. भाजल्याने, शिजवल्याने ते पूर्ण जात नाही. भिवापुरी मिरची असो की धने, मे महिन्याच्या उन्हात कडक वाळवून, गार झाल्यावरच काचेच्या कोरड्या बरणीत भरा. गरम भरलंत तर आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात गठ्ठे होतात. ओवा, जिरे यांना मात्र दिवसभर भर उन्हात ठेवू नका, तेल उडतं. सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरे.

खरेदीबद्दल विचारलंत. नागपूरच्या मस्कासाथ बाजारात काय किंवा कुठेही काय, ‘काळं जिरं’ मागितलंत तर चार वेगवेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. कलौंजीचा दाणा चमक नसलेला काळा, तिकोनी, धारदार कडांचा असतो आणि चुरडल्यावर ओरेगॅनोसारखा, जरा मिरमिरीत वास येतो. कारळं लांबट आणि चकचकीत, त्याला तो वास नाही. शहाजिरं बारीक, वाकडं, रेघांचं. कडू जिरं तपकिरी, जिभेवर ठेवलं की जहर कडू. ओवा घेताना चार दाणे तळहातावर चोळा: वास झोंबला पाहिजे, नुसता गवताचा आला तर तेल उडालंय. पूड घेऊ नका, चुरडल्यावर नळ्या फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत बराचसा गुण जातो. कलौंजीचं तेल खायला म्हणून घेणारच असाल तर गडद काचेच्या छोट्या बाटलीत, ताज्या तारखेचं घ्या. थायमोक्विनोन किती टक्के ते लेबलवर लिहिलेलं क्वचितच सापडेल, आणि वेगवेगळ्या तेलांत ते अर्ध्या टक्क्याच्या खालपासून दोन टक्क्यांपर्यंत बदलतं. ओव्याचं फूल ५० अंशांच्या आसपास वितळतं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत त्याचं पाणी झालेलं दिसलं तर ते खराब झालं असं समजू नका, गार झाल्यावर पुन्हा खडे होतात. फक्त ते घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ठेवा, रबरी ड्रॉपर आणि पातळ प्लॅस्टिक त्याने फुगतं, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ती मुलांच्या हाताला न लागणाऱ्या फळीवर ठेवा.